वजा ऐंशीच्या खोलीत धानाचा वास

सगळ्यात आधी प्रज्ञा मॅडमचं नाव लिहिते. इथं लोक आभार शेवटी मानतात आणि शेवटपर्यंत निम्मे लोक वाचत नाहीत... म्हणून आधीच. प्रज्ञा मॅडम कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीच्या. रोगप्रतिकारशक्ती आणि सूक्ष्मजीव, या विषयात पीएचडी करत होत्या. मी त्यांच्या लॅबमध्ये अटेंडंट. माझी नोकरी त्यांच्यामुळं राहिली. नोकरीपेक्षा मोठं काहीतरीही राहिलं, त्याला काय म्हणायचं ते मला येत नाही.

आता दुसरी गोष्ट. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. कधीच नव्हता. आमच्याकडं गोंदिया जिल्ह्यात झाडाला धागे बांधतात, उतारा टाकतात, मी लहानपणी ते उताऱ्यातलं लिंबू उचलून सरबत केलेली मुलगी आहे. त्यामुळं खाली कमेंटमध्ये "ताई, हनुमान चालिसा वाचा" असं लिहायचं असेल तर लिहू नका.

मी आठवी शिकलेली. आठवीनंतर राइस मिलमध्ये लागले. आमच्याकडं धान भिजवून मोठ्या टाकीत वाफेवर उकडतात, मग सिमेंटच्या अंगणात पसरवतात, आणि वाळल्यावर भरडतात. ते गरम धान पायानं पसरवायचं काम आम्हा मुलींचं. टाकीचं झाकण उघडलं की जो वास येतो... ओलसर, गोडूस, थोडा आंबूस. केसात बसतो, आंघोळीनंही जात नाही. लग्नानंतर मी इकडं आले, नवऱ्याला वाळूजला कंपनीत काम मिळालं म्हणून. गावाहून एवढं लांब, की एकदा निघालं की दुसऱ्या दिवशीच पोचायचं.

लॅबमध्ये सगळे मला मावशी म्हणतात. मी एकोणतीस वर्षांची! पीएचडी करणारी काही मुलं माझ्याहून मोठी आहेत, तीही मावशी म्हणतात. प्रज्ञा मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "नाव काय तुमचं?" मी म्हटलं, "वंदना." तेव्हापासून वंदनाताई.

माझं मुख्य काम ऑटोक्लेव्हवर. ऑटोक्लेव्ह म्हणजे कपाटाएवढा प्रेशर कुकर समजा. वापरलेल्या, जंतू वाढवलेल्या प्लास्टिकच्या थाळ्या त्यात ठेवून जंतू वाफेनं मारायचे आणि मग त्या टाकायच्या. त्या वेळी जी घाण सुटते तिनं माणसं ओकतात म्हणे. मला काही होत नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले येईल, नाहीतर येणार नाही. लॅबमधले टेक्निशियन काळे भाऊ तर आनंदानं सांगायचे, "घाण काम हाय ना? मावशीला द्या. तिला लई सोयीचं!"

त्यांना गंमत वाटायची. मला विचारा. भाजी करपली तरी कळत नाही. दूध नासलं तरी कळत नाही. गॅसचं बटण रात्रीतून तीनदा बघते. घरातून निघाले की अर्ध्या रस्त्यातून परत जाते, बंद केलं का नाही म्हणून. नवरा म्हणतो, "काय करून राहिली तू? वेडी होशील." असो.

तो मे महिन्यातला मंगळवार होता. ऊन असं की गेटवरच्या लोखंडी दाराला हात लावता येत नव्हता. लॅबमधल्या एकांचा निरोप समारंभ होता म्हणून सगळे जण बाहेर हॉटेलात जेवायला गेलेले. प्रज्ञा मॅडम करमाडकडं गेल्या होत्या. गुरांमधून माणसांना होणाऱ्या एका तापावर त्यांचं संशोधन. त्यासाठी गुरं पाळणाऱ्या लोकांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने आणायचे, त्यातलं पाणी वेगळं करायचं आणि छोट्या छोट्या नळ्यांत भरून वजा ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवायचं. वजा ऐंशी म्हणजे शून्याच्या खाली ऐंशी. चार वर्षं त्या हेच करत होत्या. चार वर्षांची ती पीएचडी एका कपाटात होती. त्यातली कितीतरी माणसं नंतर गाव सोडून गेली, काही वारली. ते रक्त परत मिळणार नव्हतं.

दुपारी दीडच्या पुढं मी खाली ऑटोक्लेव्हपाशी स्टुलावर बसले होते. दाबाचा काटा शून्यावर येईपर्यंत उघडायचं नसतं. वाट बघत होते. आणि वास आला.

धानाचा. उकडलेल्या धानाचा.

मी उठलेच! खरं सांगते, आधी आनंद झाला. वाटलं, आला, माझा वास परत आला! फिनेलची बाटली उघडून नाकाला लावली — काही नाही. डेटॉल — काही नाही. थाळ्यांच्या पिशवीशी वाकले — काही नाही. आणि हा वास मात्र नुसता भरून राहिलेला. बाहेर व्हरांड्यात आले. गेटकडं गेले तर कमी झाला. परत फिरले, जिन्याकडं आले तर वाढला. एकेक पायरी चढले तसा वाढत गेला. वरच्या मजल्यावर डावीकडं काहीच नाही, उजवीकडं दाट. मी कुत्र्यासारखी नाक वर करून चालत होते, कुणी बघितलं असतं तर हसलं असतं.

फ्रीजरच्या खोलीपाशी तर डोळ्यांत पाणी आलं, टाकीचं झाकण उघडल्यावर वाफ अंगावर येते तसं.

त्या खोलीत आम्हा अटेंडंट लोकांनी जायचं नाही. लागले त्या दिवसापासून सांगितलेलं. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. मी कडी काढली.

आत शांत होतं. ते मशीन कायम घुमत असतं, त्या दिवशी घुमत नव्हतं. समोरच्या पाटीवर आकडा: वजा बावन्न. मी बघत होते तेवढ्यात एक्कावन्न झाला.

प्रज्ञा मॅडमना फोन लावला. घाईत आधी नवऱ्यालाच लागला.

"मॅडम, तुमचा फ्रीजर एक्कावन्न दाखवून राहिला."

"काय? वजा एक्कावन्न?"

"हो. आणि आवाज नाही."

"दार उघडू नको! वंदना, ऐकतेस ना? हात लावू नको दाराला. आवाज का केला नाही त्यानं? बझर... मी निघाले."

पहिल्यांदाच मला अरेतुरे केलं त्यांनी. आणि फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, वास गेलेला. पूर्ण. जणू कधी आलाच नव्हता.

मॅडम पाऊण तासात आल्या, केसात धूळ. तोवर फोनवरून शेजारच्या विभागात जागा मागून ठेवली होती. गेटवरचे शेख चाचा, मॅडम आणि मी, थर्माकोलच्या डब्यांतून सगळे नमुने तिकडं हलवले. आकडा एकेचाळीसवर आला होता. सगळं वाचलं. एकसुद्धा नळी गेली नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मी लिहिलीच नसती.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख सरांनी बोलावलं. मला वाटलं शाबासकी देतील... ते म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?"

"सर, वास आला."

काळे भाऊ तिथंच उभे. "वास? मावशीला? सर, तिला ऑटोक्लेव्हची घाण येत नाय, अन् बंद फ्रीजरचा वास येतोय व्हय!"

मग हळूहळू सगळं माझ्याकडं वळलं. त्या खोलीत गेलीस कशाला? झाडताना प्लग निघाला असेल. मोबाइल चार्जिंगला लावला असेल. चूक झाली म्हणून स्वतःच फोन केला आणि आता वासाची गोष्ट सांगते. मी कंत्राटी. मला काढायला एक कागद पुरतो. आणि फ्रीजर बंद पडला तर जो बझर वाजायला पाहिजे, त्याची वायर कुणीतरी काढून ठेवली होती, कारण लाइट गेली की तो ओरडायचा आणि लोकांना त्रास व्हायचा. ती कुणी काढली हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं. माझ्यावर गेलं की सगळ्यांचं भागत होतं.

सर म्हणाले, "लेखी द्या."

बाहेर काळे भाऊ हळूच म्हणाले, "अहो मावशी, डोकं चालवा जरा. लिहा ना, झाडायला गेले अन् आकडा दिसला. रागावतील, सोडून देतील. वास-बिस लिहिलं तर वेडी ठरवतील तुम्हाला."

मी तेच लिहिणार होते. देवाशप्पथ, कागद घेऊन बसले होते. घरभाडं, पोरगी, नवऱ्याच्या कंपनीत कामगार कपात चाललेली. प्रज्ञा मॅडम शेजारी येऊन बसल्या.

"खरं काय झालं?"

"सांगितलं ना मॅडम. वास आला."

"मग तेच लिहा."

"तुमचा विश्वास आहे?"

"माहीत नाही. आमच्या आजोबांनी घरातलं नवस, अंगारा सगळं बंद केलं. तपासल्याशिवाय मानायचं नाही, अन् तपासल्याशिवाय खोटंही म्हणायचं नाही. तपासू या का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली. दहा नळ्या, प्रत्येकीत कापसाचा बोळा. कशात काय ते त्यांनाही माहीत नाही. भरल्या शेख चाचांनी, आकडे घातले चाचांनी. हिंग, कापूर, लवंग, रॉकेल, काही नुसतं पाणी. आणि एका नळीत... चाचांनी शहागंजातल्या व्यापाऱ्याकडून मूठभर धान मिळवून घरी उकडून आणलं होतं. ते मला नंतर कळलं.

दहापैकी दोन बरोबर आले, तेही अंदाजानं. धानाच्या नळीला मी म्हटलं, "हे पाणी."

मला कळलं तेव्हा मी रडले. चाचा म्हणाले, "अरे बेटी, रो नक्को. मेरी बीवी बोली ना, क्या बास मारता ये!" त्यावर मी आणखी रडले.

मॅडमनी निकाल जसाच्या तसा लिहिला. दहापैकी दोन. मी हात जोडले, म्हटलं, मॅडम, हा नका दाखवू. त्या म्हणाल्या, "दाखवावाच लागतो, वंदनाताई. आवडला नाही म्हणून निकाल लपवायचा असेल तर मी चार वर्षं काय केलं?" आणि तो कागद सरांसमोर ठेवला.

सर म्हणाले, "झालं तर. म्हणजे बाई खोटं बोलतायत."

"नाही सर. यावरून एवढंच कळतं की काल त्यांना वास आला नाही. मंगळवारचं यावरून काही कळत नाही. मंगळवारचं मशीनला विचारू या."

फ्रीजरच्या आत दर काही मिनिटांचा आकडा साठवलेला असतो म्हणे. मॅडम कंपनीच्या इंजिनिअरच्या इतक्या मागं लागल्या की तो शनिवारी आला. प्लग जागेवर होता. आतलं यंत्र जळालेलं. आणि थंडावा कमी व्हायला लागला अकरा वाजून दहा मिनिटांनी. चाचांनी गेटचं रजिस्टर आणलं: मी पावणेअकराला बाहेर गेलेली, ऑटोक्लेव्हची रबरी रिंग आणायला, आणि सव्वाबाराला परत. माझ्याच सहीनं.

मॅडमनी इंजिनिअरला विचारलं, मशीनमधला गॅस गळाला असेल, त्याचा वास? तो म्हणाला, गॅस गळालाच नाही, आणि त्याला वास नसतो.

सर जरा नरमले. म्हणाले, "ठीक आहे, तुमची चूक नाही. पण फाइलीत वास वगैरे बरं दिसत नाही. नवीन निवेदन द्या, साफसफाईला गेले होते म्हणून. विषय संपला."

मी आयुष्यात मोठ्या माणसासमोर कधी मान वर केली नव्हती. शाळेत नाही, मिलमध्ये नाही. त्या दिवशी काय झालं माहीत नाही.

"नाही सर. मी साफसफाईला गेले नव्हते. मी वासामागं गेले होते. तुम्हाला पटत नसेल तर खाली लिहा की पटत नाही. माझं मी बदलणार नाही."

काळे भाऊ खाली बघत होते. सरांनी कागद फाइलीत लावला. अजून तिथंच आहे, माझ्या वाकड्या अक्षरात, तीन ठिकाणी खोडलेला.

पुढच्या आठवड्यात काळे भाऊंनी दुरुस्त झालेल्या फ्रीजरला हळदकुंकू लावलं आणि नारळ माझ्या हातात दिला. "मावशी, तुमच्यात कायतरी हाय. तुमचे वडील आले असतील वासाच्या रूपानं. तुमीच फोडा." मी म्हटलं, "भाऊ, माझे वडील जिवंत आहेत. त्या दुपारी ते तिरोड्याला चहा पिऊन राहिले होते, मी फोन करून विचारलंय. नारळ तुम्ही फोडा, आणि बझरची वायर पण तुम्हीच लावा." त्यांनी दोन्ही केलं.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कधीकधी मेंदू स्वतःच वास तयार करतो, नसलेला. असेल. मग त्या मेंदूला जिना कुणी दाखवला? डावीकडं का नाही, उजवीकडंच का? प्रज्ञा मॅडमना विचारलं तर त्या सरळ म्हणतात, "माहीत नाही." एवढं शिकलेलं माणूस एवढ्या सहज माहीत नाही म्हणतं, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मलाही माहीत नाही. त्यानंतर आजपर्यंत मला कसलाच वास आलेला नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर लिहा, पण मी खोटं बोलले असं लिहायचं असेल तर आधी ती फाइल वाचून या.

मॅडमची पीएचडी झाली. या महिन्यात त्या दूरच्या शहरात नोकरीला गेल्या. जायच्या आधी माझा दहावी बाहेरून द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून गेल्या, विज्ञानाचं पुस्तकही ठेवून गेल्या, त्यात पेन्सिलीनं खुणा. मी त्यांना तोंडावर धन्यवाद म्हणू शकले नाही, नुसती डब्यांना लेबलं लावत बसले.

म्हणून इथं लिहिते, सगळ्यांसमोर. मॅडम, हे मी फेडणार आहे. दहावी होऊन नाही, ती तर मी माझ्यासाठी होणार. कधीतरी तुमचीही अशी वेळ येईल, खोली भरून माणसं हसत असतील आणि तुमच्या हातात काहीच पुरावा नसेल. त्या दिवशी मला फोन करा. मी जिथं असेन तिथून गाडी पकडून येईन, आणि तुम्ही जे लिहिलं असेल त्याच्या खाली साक्षीदार म्हणून माझं पूर्ण नाव घालीन.