राहिलेलं जावळ

माझ्या मुलाला शाळेत रांगेबाहेर उभं करायचे, पाण्याच्या टाकीपाशी. प्रार्थनेआधी पी.टी.चे सर रांगांमधून फिरत आणि ज्याचा संशय येईल त्याच्या डोक्यावर बोटं फिरवत. बोटांच्या फटीतून केस वर आले, की तो मुलगा टाकीपाशी. मोठ्या वर्गातली मुलं तिथं ऐटीत उभी राहायची, कारण त्यांनी कुठल्यातरी क्रिकेटवाल्याचं बघून ते केस मुद्दाम ठेवलेले असायचे. माझा मुलगा पहिलीत होता. त्याच्या डोक्यावर बोटं फिरवायची गरजच नव्हती. त्याला वेणी होती, चांगली पाठीवर रुळणारी.

मोठी मुलं चार-आठ दिवसांत केस कापून रांगेत परत जायची आणि टाकीपाशी नवी यायची. माझा तेवढा कायमचा. कामावर जायच्या आधी मी फाटकाच्या गजांतून त्याला बघायचे. दप्तर पाठीवर, हात जोडलेले, ओठ हलतायत. प्रार्थना तो एकही शब्द न गाळता म्हणायचा, पण एकटाच. ते बघूनही दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याची वेणी घालायचे.

नियम फाटकाजवळच्या भिंतीवर रंगवलेला होता. मुलांचे केस कानांवर व कॉलरवर येता कामा नयेत. त्याच भिंतीवर पुढे संत, राजे आणि ऋषी काढले होते, सगळ्यांचे केस खांद्यापर्यंत. त्यांतल्या एकालाही आमच्या शाळेत पहिलीला प्रवेश मिळाला नसता. हे मी एकदा वर्गाच्या बाईंना बोलून दाखवलं. त्या हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, की नियम काही त्यांनी केलेला नाही.

बाई वाईट नव्हत्या. मी त्यांना सांगितलं होतं, की देवीचा नवस आहे. अंबरनाथमध्ये नवस म्हटलं की माणूस पुढचं विचारत नाही, त्यामुळे पहिलं सत्र निभावलं. दिवाळीच्या सुट्टीआधी मात्र त्यांनी मला बाजूला घेतलं. मुलं त्याला मुलींच्या संडासात ढकलतात, हे त्यांनी मला सांगितलं. त्यानं मला सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी बजावलंय, सुट्टी संपल्यावर केस कापल्याशिवाय वर्गात बसवायचं नाही, असंही त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "पण नवस अडलाय कुठं?"

नवस अडला नव्हता, कारण नवस नव्हताच. अडलं होतं ते जावळ. आमच्या गावाकडे मुलग्याचे जन्माचे केस मामाच्या मांडीवरच उतरवतात. अंगणात पाट मांडतात, मामा बसतो, मांडीवर भाचा, वर नवा टॉवेल. बहीण भावाला कपडे करते, भाऊ भाच्याला करतो. पहिल्या वर्षी जमलं नाही तर तिसऱ्या वर्षी, नाहीतर पाचव्या, पण मामा बसल्याशिवाय बाळाच्या डोक्याला कात्री लागत नाही. माझ्या मुलाला सातवं लागलं होतं. त्याला मामा होता, चांगला धडधाकट, बदलापूरच्या पलीकडे चामटोलीत. फक्त तो माझ्याशी बोलत नव्हता.

मी जातीबाहेर लग्न केलं. सासरचे लोक बौद्ध, नवरा अंबरनाथच्या कंपनीत सुपरवायझर. आई-वडील आधीच गेलेले, घरात भाऊच कर्ता. लग्न करणार म्हणून सांगितलं तेव्हा तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, कधी ना कधी भांडण मिटलं तरी असतं. तो जेवत होता, जेवण पुरं केलं, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसला. त्यानंतर त्याचा आवाज मी ऐकला नाही. मुलगा झाल्याचा निरोपही मी धाडला नाही. वाटलं, चामटोली काय लांब आहे, बातमी आपल्या पायांनी जाईल आणि त्याला यायचं तर तो येईल.

या भावानं मला वाढवलं होतं. आई पहाटेच भाजी घेऊन बदलापूरच्या बाजारात जायची. मी कुळगावच्या शाळेत होते, आणि तिथं मुलींनी दोन वेण्या वर बांधून, रिबिनी लावून यायचा नियम होता. सुटे केस दिसले की बाहेर. तेव्हा माझ्या वेण्या भाऊ घालायचा. एक वर, एक खाली, पण घट्ट. रिबिनीचं फूल त्याला कधी जमलं नाही. भाताची पेंढी आवळावी तसे दोन वेढे द्यायचा, पीळ मारायचा आणि टोक आत खोचायचा. वर्गातल्या मुलींची फुलं मधल्या सुट्टीपर्यंत सुटायची. माझी रिबीन संध्याकाळी घरी आल्यावर त्यालाच सोडावी लागायची, कारण टोक कुठं दडवलंय ते त्यालाच ठाऊक असायचं. बघून बघून मग मीही शिकले.

सासरी जावळ वगैरे काही नाही. आम्ही ते सगळं सोडलंय, असं सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. मी वाद घातला नाही. मी नुसत्या थापा मारत गेले. नवऱ्याला सांगितलं, की पोरगा कात्रीला घाबरतो. सासूबाईंना सांगितलं, की केस किती सुंदर आहेत, राहू दे थोडे दिवस. शेजारणींना सांगितलं, की डोक्यात पुरळ येतं. मी भावाची वाट बघतेय, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. ज्या घरानं मला एका शब्दानं दुखावलं नाही, त्या घरात बसून मी मला टाकून दिलेल्या माणसाची वाट बघत होते. असलं एकटेपण कुणाला वाटून देता येत नाही. मी ते मुलाच्या केसांत विंचरत बसले.

बाईंनी सुट्टीनंतरचं बजावलं त्या संध्याकाळी मी घरी सगळं खरं सांगून टाकलं. नवरा म्हणाला, की हे पहिल्याच वर्षी सांगितलं असतंस तर मी स्वतः जाऊन त्याला बोलावलं असतं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आपल्यात मामाबिमा काही नसतं," त्या म्हणाल्या. "पण मांडीच लागत असेल तर माझी घे."

मला रडू आलं. खरं सांगायचं तर कृतज्ञतेनं नाही. मला ती मांडी नको होती, याचंच रडू आलं.

मी चामटोलीला फोन लावला. वहिनीनं उचलला. मी एका दमात सांगून टाकलं, की शाळेचा नियम आहे, मुलाचं जावळ राहिलंय, दादाला एकदा मांडीवर घेऊ दे, मग पुन्हा काही मागणार नाही. मग वहिनीनं खालच्या आवाजात विचारलं, "पोरगा हाय?" मी म्हटलं, हो, मुलगाच. तेव्हा त्या प्रश्नाचं मला काही वाटलं नाही. उशिरा तिचा मेसेज आला. रविवारी सकाळी, कुळगावातलं एक सलून, नाक्यावरचं. म्हणजे त्याच्या घरी नाही आणि माझ्याही नाही. अंगण नाही, पाट नाही. चालेल, म्हटलं.

उल्हासनगरला जाऊन मी टॉवेल आणला, भावासाठी शर्ट घेतला. दुकानदार सिंधी काका, त्यांनी विचारलं, "बेटा, साइज?" आणि मी अडकले. लग्नाच्या आधीचं माप मला पाठ होतं. इतक्या वर्षांत माणूस सुटला असेल की वाळला असेल? काकांना म्हटलं, मोठा द्या. घरी येईपर्यंत वाटत राहिलं, की आपण भावाचं माप विसरलो.

रविवारी नवऱ्यानं विचारलं, मी येऊ का. मी नको म्हटलं. मग त्यानं विचारलं, तो आलाच नाही तर? मी मुलाची वेणी घालायला बसले. कापायचीच होती, तरी घट्ट घातली. काळी रिबीन, दोन वेढे, पीळ, टोक आत.

सलूनमध्ये आम्ही बाकावर बसलो. समोरच्या दोन्ही खुर्च्या भरून रिकाम्या झाल्या, पुन्हा भरल्या. न्हावी दर वेळी माझ्याकडे बघायचा आणि मी मान हलवायचे. मुलानं विचारलं, मामा कसा दिसतो. मी म्हटलं, माझ्यासारखा. दारात एक जाडसर माणूस आला, अर्धे केस पिकलेले, हातात पिशवी. मुलानं त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, आणि मला काही सांगावं लागलं नाही.

तो माझ्याशी बोलला नाही. बघितलं असेल, तर आरशातून. खुर्चीवर जाऊन बसला आणि मांडीवर हात आपटला, ये म्हणून. मुलगा गेला, सरळ चढून बसला. मी उठून टॉवेल पांघरला. टॉवेल नीट करताना माझा हात भावाच्या मनगटाला लागला, तेवढाच.

न्हावी म्हणाला, आधी वेणी सोडायला पाहिजे. त्यानं रिबीन इकडून ओढली, तिकडून ओढली, त्याला टोक सापडेना. कापूनच टाकतो म्हणाला. भावानं त्याचा हात बाजूला केला. दोन बोटांनी रिबीन चाचपली, जिथं टोक खोचलं होतं तिथं नख घातलं आणि एका हिसक्यात ती सुटली. मग तो तसाच थांबला, रिबीन बोटांत धरून. मला आरशात त्याचा चेहरा दिसत होता. त्याला कळलं होतं. मी मनात म्हणत होते, आता बोल. काहीही बोल, शिवी दे.

तो मुलाशी बोलला. केस सोडता सोडता, खाली बघून.

"तुला मी पायलेला. बाजारान. तुजी आई कलिंगर घेत व्हती. येनी दिसली, मना वाटला पोरगी हाय."

कलिंगडाचा तो दिवस मला आठवला. उन्हाळा होता, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मुलाचं बोट, आणि मी रिक्षा मिळत नाही म्हणून कितीतरी वेळ याच नाक्यावर उभी होते. ज्याच्यासाठी ती वेणी वाढवली, त्यानंच तिच्याकडे बघून ठरवलं की भाची आहे, जावळाला काही बोलावणं यायचं नाही. हे हसण्यासारखं होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असतं तर मी हसलेही असते. पण वेणी दिसण्याइतका तो जवळ होता.

मुलाला मजा वाटली. त्यानं मान वर करून आरशातल्या मामाला विचारलं, "मग हाक का नाही मारली?"

न्हाव्यानं त्याचं डोकं खाली दाबलं, हलू नको म्हणाला, आणि मशीन सुरू केलं. केस टॉवेलवर पडत राहिले, भावाच्या मांडीवर, त्याच्या मनगटांवर. त्याचे दोन्ही हात मुलाच्या पोटाभोवती होते आणि ते त्यानं शेवटपर्यंत काढले नाहीत. इतकं घट्ट का धरतोय, असं मुलगा एकदा म्हणालाही.

झाल्यावर भावानं केसांसकट टॉवेलची घडी घातली. हे नदीत सोडतो, असं न्हाव्याला सांगितलं, म्हणजे मला सांगितलं. मुलाच्या गुळगुळीत डोक्यावर हात ठेवला, आणलेली पिशवी त्याच्या हातात दिली. मी शर्टाचं पुडकं पुढे केलं. ते त्यानं घेतलं. काखेत मारलं, बूट झटकले आणि गेला. मी दारापर्यंत गेले. वाटलं, वळून बघेल. तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला, बाजाराच्या अंगाला, आणि दिसेनासा झाला.

घरी सासूबाईंनी नातवाचं डोकं कुरवाळलं आणि मला चहा दिला. कुणी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, की जे मागितलं होतं ते सगळं मिळालं, आणि आता वाट बघायला माझ्याकडे काहीच उरलं नाही.

शाळा सुरू झाली तेव्हा मी फाटकाशी उभी राहिले. टाकीपाशी दोन मोठी मुलं होती. माझा रांगेत होता, आणि कुठं ते मला पटकन सापडेना. सगळी डोकी सारखीच. मग एक हात वर झाला आणि मला ओळखू आला. तो हसत होता. मीही हात हलवला, आणि खरंच बरं वाटलं.

सकाळी मात्र सवयीनं फणी हातात यायची. तो समोर येऊन बसायचाही, पाठ करून, आणि मग दोघांच्याही लक्षात यायचं. असंच एकदा बसल्या बसल्या त्यानं विचारलं, मामा परत कधी येणार. मी काही विचार न करता म्हणून गेले, केस वाढले की. त्यानं डोक्यावरून हात फिरवला. पेरभर केस आले होते.

"पण आई, शाळेत केस वाढवू देत नाहीत," तो म्हणाला.