अण्णांचा आग्रह

अण्णा बरणीला कान लावून बसत. माझ्या घरातील हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या उबदार कपाटात, सफरचंदाच्या रसाची काचेची बरणी ठेवलेली असे. चष्मा कपाळावर सारून ते ऐकत आणि निर्वाळा देत, "प्रोफेसर, पोरगं आज बी गप हाय." मग माझ्याकडे अशा नजरेने पाहत, जणू पोराची आई मीच.

मी प्रोफेसर नव्हतो. ओंगार या परदेशी उपनगरात एकटा राहणारा, पन्नाशी उलटलेला, सॉफ्टवेअरच्या चाचण्या करणारा संकोची माणूस होतो. टाळेबंदीत काही नवे शिकावे म्हणून दुकानातील रसापासून घरीच सायडर ही सौम्य दारू करण्याचा खटाटोप मी पुस्तक वाचून आरंभला होता. अण्णा शेजारच्या नीलेशचे वडील. सांगलीकडच्या खेड्यातून ते नातवाला बघायला दोन महिन्यांसाठी आले आणि साथीमुळे वर्ष उलटले तरी इथेच अडकले. गुडघ्यांनी अधू झालेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, तिकडे पुतण्याजवळ होत्या. एकट्या राहणाऱ्यांना एका घराशी ये-जा करण्याची मुभा मिळाली, तेव्हा मी नीलेशचे घर निवडले. खरे तर अण्णांनीच मला निवडले.

गावच्या लग्नांत पंगती वाढण्यात त्यांची हयात गेली होती. "नको म्हणणाऱ्याला जास्त भूक असती," हे त्यांचे ठाम मत. मी ताटावर हात आडवा धरला, की ते बोटांच्या फटीतून आमटी ओतत. त्यांच्यापुढे 'पुरे' हा शब्द मला कधी पुरेशा जोराने उच्चारता आला नाही.

बरणी मात्र ढिम्म होती. रसात आंबणे रोखणारे रसायन नाही, हे मी खोक्यावर वाचले होते. घर थंड म्हणून बरणी हॉट प्रेसमध्ये हलवली होती. झाकण घट्ट असल्याचीही खात्री केली. अखेर गोडी मोजण्याची काचेची नळी रसात सोडली. रस आंबवायला घातलेले यीस्ट साखर खाते, त्यामुळे गोडी उतरायला हवी होती. ती पहिल्या दिवसापेक्षा चढली होती.

"चढंल न्हाई तर काय?" अण्णा म्हणाले. "येतो तवा मूठभर साखर घालतोय मी. दारू झाली म्हणून काय उपाशी ठेवायची?"

मी चाचरत सांगितले, की साखर फार झाली तर यीस्टला सोसत नाही. ते काम टाकून देते. अण्णांनी कपाटाचे दार लोटले.

"म्हंजी खायाला घालून बी बिघडतंय म्हणा," ते म्हणाले.

त्याच सुमारास, एप्रिलात, काकूंना कोरोना झाला. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली. पोटात काही गेले नाही तर त्या उठणार नाहीत, असे तिकडच्या डॉक्टरांनी सांगितले. नीलेश तिकिटांच्या मागे लागला; तिकीट मिळालेले प्रत्येक विमान रद्द होत गेले. अण्णा स्वयंपाकघरात फोन समोर धरून बसत.

"ए, हिकडं बघ. पेज हाय न्हवं ती? एक घास. माझ्या नावाचा."

पुतण्या चमचा ओठांशी नेई, काकू मान फिरवत. अण्णांचा रिकामा हात नकळत फोनच्या पडद्याकडे जाई. मी तिथे असलो, तर कुठे पाहावे हे मला कळत नसे.

घरी परतून मी बरणीतला अर्धा रस ओतून दिला, साधा रस भरला आणि कोमट पाण्यात नवे यीस्ट जागे करून त्यात मिसळले. काही दिवसांनी बुडबुडे येऊ लागले. हे अण्णांना सांगायला गेलो, तर नीलेश दारातच उभा होता. काकू पहाटे गेल्या होत्या.

अण्णांनी अंत्यविधी फोनवर पाहिला आणि त्यानंतर अन्नाला हात लावला नाही. मुलाने, सुनेने विनवून पाहिले. "दादा, तुम्ही बघा ना जरा," नीलेश मला म्हणाला. माझ्या शब्दाला वजन असल्याचा अनुभव मला नव्हता. तरी पिठलं-भाताचे ताट घेऊन मी त्यांच्यासमोर बसलो.

"अण्णा, थोडं घ्या."

त्यांनी मान हलवली. नकार हा नकारच, असे मानत आलेला मी ताट मागे ओढू लागलो. अण्णांनी ताटाची कड धरली.

"असं लगीच उचलत्यात व्हय?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "आणखी एकदा म्हणा की."

मी म्हणालो. मग पुन्हा म्हणालो. भाताचा घास बोटांत धरून ते तसेच बसून राहिले आणि मी म्हणत राहिलो.