पांढरं सोडलेलं गाव

मुन्शीजी डावा तळहात पुढे धरत आणि म्हणत, "हा बघा आपला जिल्हा." अंगठा म्हणजे खुलताबादचे डोंगर, करंगळी जालना, मधला खळगा औरंगाबाद शहर आणि मनगटाची रेघ गोदावरी.

निजामाच्या काळात मी कचेरीत कारकून होतो. मुन्शीजी तिथले नकाशे काढत. नव्या साहेबांनाही ते आधी हातच दाखवत. "नकाशा घरी ऱ्हायला तरी हात संगं असतो," म्हणत.

ते जुने नकाशे तुम्ही पाहिले असतील. सरकारी गावं रंगवायची, त्यांची वस्ती, विहिरी, रस्ते दाखवायचे. जहागिरीची गावं पांढरी सोडायची. तिथला कारभार जहागीरदाराचा. मुन्शीजींची बहीण बिडकीनच्या पुढे अशाच एका गावात दिली होती. "बहीण माझी कोऱ्या कागदावर नांदते," असं ते हसत सांगत.

एका उन्हाळ्यात त्या गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. सरकारी डॉक्टर ओढ्याच्या अलीकडच्या सरकारी गावात उतरले होते. बहिणीचे यजमान धापा टाकत कचेरीत आले.

"पाव्हणं, तुमची बहीण पडलीय. ओढ्याला गुडघाभर बी पाणी नाय. डाक्टराला खांद्यावर नेतो."

"ओढा नाय आडवा, दाजी. हद्द हाय."

"मग तिला अलीकडं आणतो."

"पटकीचं माणूस अलीकडचं गाव शिरू देईल व्हय?"

"काठ्या घेऊन बसलेत," दाजी म्हणाले आणि खाली बसले.

सरकारी माणसाला कामासाठी जहागिरीत शिरायचं तर जहागीरदाराची लेखी परवानगी लागे. जहागीरदार हैदराबादेत. मुन्शीजींनी अर्ज लिहिला, साहेबांनी सही केली, टपाल गेलं. पुढे कोणाच्याच हातात काही नव्हतं. मुन्शीजी डॉक्टरांकडून औषध घेऊन दाजींबरोबर ओढा उतरून गेले. गावकरी बहिणीला स्मशानात पोचवून परतत होते.

परवानगी नंतर आली. मुन्शीजींनीच ती मिसलीला, त्या अर्जाच्या फायलीला, लावली.

पुढचा नकाशा रंगवताना त्यांचा कुंचला त्या गावावर थांबला. मी म्हणालो, "भरा की. कोण बघतंय?"

"भरल्यानं डाक्टर जाईल व्हय?"

त्यांनी कुंचला धुतला. त्यानंतर त्यांनी कोणाला हात दाखवला नाही.

जहागिरी गेल्या तेव्हा मुन्शीजी हयात नव्हते. नव्या नकाशात सगळी गावं एका रंगात आली. नुकत्याच आलेल्या एका अधिकाऱ्यांनी मला त्या गावाचं नाव घेऊन विचारलं, "हे नेमकं कुठं येतं?"

नकाशा समोर भिंतीवर होता. मी डावा तळहात पुढे केला आणि मनगटाच्या जरा वर बोट ठेवलं.