बाटलीतली दया

डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याचं फुगलेलं पोट बोटांनी ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "सिरॉसिस ऑफ लिव्हर." मी विचारलं, "म्हणजे काय?" मग त्यांनी सोपं करून सांगितलं, "दारूनं यकृत वाळून कडक झालंय. बिघडलं तेवढं परत येत नाही. आता एक घोटही विष आहे." आणि माझ्याकडे वळून, "बाई, तुम्ही घरात असून आवरलं नाही?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आवरू? कोणाकोणाला?

ह्यांचा उजवा हात मलकापूरच्या एका कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या यंत्रात, कोपरापासून गेला. तोवर हे सुपारीच्या खांडालाही शिवत नव्हते. हात गेला आणि आमचं सारं गाव, धामणगाव बढे, दयाळू झालं. काम मागायला गेले की, "बापा, तू काय करशीन एका हातानं? बस निवांत." आणि निघताना पाजायचे. लग्न असो, पोळा असो, पहिला गिलास ह्यांना. तेव्हा राज्यात दारूबंदी होती म्हणे! आमच्याकडे मोहाची दारू हवी तेवढी मिळायची, काम तेवढं मिळत नव्हतं.

सगळ्यांत दयाळू माझे भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. शेत एकत्र, बैलगाडी एकत्र, पण बैलांचा कासरा त्यांनी ह्यांच्या हातून काढून घेतला. संध्याकाळी बाटली मात्र स्वतः आणून द्यायचे. आमच्यात भासऱ्यांपुढे धाकटी भावजय तोंड उघडत नाही. जेवण वाढलंय हेही सासूकरवी सांगायचं. हे बुलढाण्याच्या डॉक्टरला कसं समजवू?

दवाखान्यातले पहिले दिवस फार वाईट गेले. दारू तुटल्यावर हे थरथरायचे, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणायचे. गेलेल्या हाताची बोटं दुखतात म्हणून रडायचे. डॉक्टरांनी टॅपिंग केलं, म्हणजे पोटात सुई घालून साचलेलं पाणी काढलं. मीठ बंद. मी आवारात तीन दगडांवर अळणी वरण शिजवायची. हळूहळू पोट उतरलं. एका सकाळी हे म्हणाले, "सपनात बैल आले वो. मीच हाकत होतो."

त्याच दुपारी भासरे आले. ह्यांच्या उशाशी औषधाची बाटली ठेवली. बूच निघायच्या आधीच मला वास आला.

"घे, थोडीशीच हाय. तुह्या जिवाले दुसरं काय सुख हाय बे?"

ह्यांचा डावा हात पुढे सरकला. मी बाटली उचलली आणि मोरीत ओतली. भासऱ्यांना काय म्हणून हाक मारायची तेही मला ठाऊक नव्हतं, कधी मारलीच नव्हती.

"सुख द्याचं असन तं यायच्या हाती कासरा द्या," मी म्हणाले.

"एका हातानं?"

"ज्या हातानं गिलास धरता येते, त्याच हातानं कासरा बी धरता येते."

ते उठून गेले. पण दवाखान्यातून सुट्टी होऊन आम्ही गावात एस्टीतून उतरलो, तेव्हा आमची बैलगाडी उभी होती. भासऱ्यांनी कासरा ह्यांच्या पुढ्यात टाकला आणि पायीच निघाले.

हे बरे झाले असं मी म्हणणार नाही. यकृत वाळलं ते वाळलंच. पोटात पाणी पुन्हा भरतं, पुन्हा बुलढाणा. पण गाडी हेच हाकतात. भासरे माझ्याशी बोलत नाहीत. आधी मी बोलत नव्हते, आता ते! डॉक्टरांचा तेव्हा राग आला होता, आज त्यांचे उपकार वाटतात, त्या प्रश्नानंच माझं तोंड उघडलं. तुमच्या घरी असं माणूस असेल, तर पाजणाऱ्याची भीड ठेवू नका, बायांनो.

बाजाराच्या दिवशी लोक अजून म्हणतात, "पाह्य बे, थोटा गाडी हाकून राह्यला!"

हाकणारच. पाजताना बरा दिसत होता तुम्हांला तो उरलेला हात!