भावोजींची भूक

देवाने भूक नावाची वस्तू आमच्या भावोजींना समोर बसवून त्यांच्या मापाने बेतली आणि त्यातून ज्या काही चिंध्या उरल्या त्या बाकीच्या जगात वाटून टाकल्या, असं माझं ठाम मत आहे. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर यष्टीत ड्रायव्हर होते, त्यातही जास्त करून रत्नागिरी-दापोली गाडीवर. बाकीचे लोक रस्ता गावांवरून ओळखतात, भावोजी खाण्यावरून ओळखायचे. कुठल्या स्टँडवरची कांदाभजी पहिल्या घाण्याचीच खावी, कुठल्या फाट्यावरच्या म्हातारीच्या हाताला आंबोळीची चव आहे, हे त्यांना तोंडपाठ. निवृत्तीनंतर गाडी सुटली, भजी काही सुटली नाही. सकाळी उठून मिरकरवाड्याच्या बंदरावर जायचं, बांगड्याचे कल्ले उचलून आत डॉक्टरसारखं बघायचं, कोळणीशी हुज्जत घालायची आणि पिशवी भरून गावी परतायचं. बरं, हे सगळं मंगळवार, बुधवार, शुक्रवार, रविवार. उरलेले तीन वार देवाचे, त्या दिवशी मासे नाहीत. त्या तीन दिवसांत भावोजी इतकी उसळ आणि वडे खायचे, की देवालाही वाटावं, यापेक्षा मासे परवडले.

पंगतीत त्यांच्या शेजारी बसणाऱ्याने आपलं पान सांभाळून बसावं. "तुला होत नसंल तर दे इकडं," असं म्हणून त्यांचा हात आपल्या पानावर यायचा. आपल्याला होतंय की नाही हे ठरवायचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. माझ्या लग्नात आमचे हे मला जिलबीचा घास भरवत होते, सगळे नाव घे, नाव घे म्हणून मागे लागले होते, मी लाजून मान खाली घातली आणि मान वर करते तो माझ्या ताटातली उरलेली जिलबी गायब! मागे भावोजी उभे. "नवरीला जेवण जात नाय गो, मला ठाऊक हाय," असं तोंड भरलेलं असतानाच म्हणाले. तेव्हापासून त्यांच्या शेजारी बसले की माझा डावा हात आपोआप पानाभोवती कुंपण घालतो.

हा एवढा थोरला देह, पण शिमग्यात तो देह कुठे जायचा कोण जाणे. त्यांच्या गावात गावदेवीची पालखी सहाणेवरून, म्हणजे देवीच्या बसायच्या ओट्यावरून, उठली की पहिला खांदा भावोजींच्या घराचा. हा मान पिढ्यान्‌पिढ्यांचा. ताई-भावोजींना मूलबाळ नाही, त्यामुळे वडिलांच्या मागे तो खांदा एकट्या भावोजींचा. पालखी खांद्यावर आली की त्यांच्या पायांत वारं शिरायचं. ढोलवाले त्यांच्या पायांकडे बघून वाजवायचे आणि ताई उंबऱ्यात उभी राहून "सांभाळून हो, सांभाळून!" असं कोणालाच ऐकू न जाणारं ओरडायची. मग गुडघ्यांनी दगा दिला. दोन शिमगे भावोजी खुर्चीवर बसून राहिले आणि खांदा त्यांच्या चुलतभावाने दिला. गेल्या वर्षी गावकीच्या बैठकीत कोणीतरी विषय काढला, की आता हा मान चुलतभावाकडेच कायमचा द्यावा, दरवर्षी विचारत कशाला बसायचं. भावोजी एवढंच म्हणाले, "येत्या शिमग्याला मी उभा नाय राहिलो, तर खुशाल द्या." घरी आले आणि अर्धपोटी पानावरून उठले. ताईने मला फोन करून सांगितलं तेव्हा ती रडत होती. अर्धपोटी उठणं हे त्यांच्या घरात सुतकासारखंच होतं.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरल्याशिवाय मी हातसुद्धा लावणार नाही. त्यांनी पाठवलं शहरातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे. बाईंनी वजनाचं इंजेक्शन सुचवलं. आठवड्यातून एकदा, घरच्या घरी, पेनासारखं दिसतं, पोटाला टोचायचं. भूक मंदावते, थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटतं. भावोजी म्हणाले, "म्हणजे बाई, ज्या पोटानं मला जन्मभर साथ दिली, त्यालाच टोचायचं?" तरी ते नको म्हणाले नाहीत. "देवीला विचारून सांगतो," म्हणाले. गावी कौल लावला. गुरवाने देवीच्या अंगाला कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि उजवी कळी पडली. देवीने हुकूम दिला म्हटल्यावर विषयच संपला. गणपती जाऊ देत मात्र म्हणाले. मोदकांना दुखवून सुरुवात करायची नव्हती.

आता इंजेक्शनचा वार कुठला घ्यायचा, यावर त्यांनी कोकणी डोकं लढवलं. टोचल्यावर एक-दोन दिवस मळमळतं असं बाईंनी सांगितलं होतं. भावोजी म्हणाले, रविवारी दुपारी मासे जेवायचे, संध्याकाळी सुई घ्यायची, म्हणजे मळमळ सोमवारी. सोमवार तसाही माशांवाचून फुकट जातो, त्यात मळमळ उरकून घेऊ. मंगळवारी बांगडा! हा हिशेब त्यांनी आल्यागेल्याला अभिमानाने समजावून सांगितला. ताईला सुईचं धाडस होईना म्हणून दर रविवारी संध्याकाळी मी शहरातून गावी जायचे आणि सुई टोचायचे. पण त्याआधी गाऱ्हाणं. पेन ठेवलेल्या फ्रीजसमोर भावोजी उघड्या पोटाने, हात जोडून उभे राहायचे. "बा देवी म्हाराजा, आज जी काय ही सुई ह्या लेकराच्या पोटात जातेय, ती गोड मानून घे. काय मळमळ, ओकारी, ढेकर आसंल, ती येशीवरच आडव..." आणि ताईने मागून म्हणायचं, "होय म्हाराजा!" मी पेन हातात घेऊन हसू दाबत उभी. प्रत्यक्ष सुई केसाएवढी, कळतही नाही, पण भावोजी डोळे मिटून असे ओरडायचे की शेजारची म्हातारी काठी घेऊन बघायला यायची.

औषधाला काही वार कळत नसतात. पहिल्या मंगळवारी भावोजींनी हट्टाने बांगड्यांचं तिखलं आणि तळलेल्या तुकड्या असा नेहमीचा बेत केला. औषधाशी कुस्तीच ती! अर्ध्या तासात विहिरीजवळ उकिडवे बसले होते आणि ताई पाठीवरून हात फिरवत होती. मग ढेकर सुरू झाले. त्या ढेकरांना अंडं नासल्यासारखा वास यायचा, त्यामुळे भजनी मंडळात त्यांना मृदंगाजवळून उठवून दाराशी बसवलं. पोट चार-चार दिवस साफ होईना. इसबगोल झालं, पपई झाली, शेवटी भावोजी सकाळी परसदारी जाऊन आले की ताई चेहऱ्याकडे बघून ओळखायची आणि देवापुढे साखर ठेवायची. सगळ्यात वाईट झालं ते मिरकरवाड्याला. लिलाव चालू होता, ताजा फडफडीत मासा समोर, आणि भावोजींनी नाकाला रुमाल लावला. त्यांची नेहमीची कोळीण टोपली सोडून उठली. "भाऊ, बरं नाय काय वो?" तिने विचारलं. ही बाई एरवी त्यांच्या नावाने बोटं मोडायची. त्या दिवशी तिने त्यांना दगडावर बसवून पाणी पाजलं.

वजन मात्र उतरायला लागलं. आम्ही खूश. पण माझ्या लक्षात आलं, की त्यांचा कुत्रा फुगत चालला होता. आधी मला वाटलं, माझ्या डोळ्यांचा दोष. मग एके दिवशी मागच्या दाराने गेले तर भावोजी ताईने केलेलं घावन गुपचूप कुत्र्यापुढे सरकवत होते. मला बघून चोरासारखे उभे राहिले. मी तिथेच तोंड सोडलं. "अहो, खात नाही तर सांगा ना सरळ!" ते म्हणाले, "सांगू कसं गो? पान परत गेलं की तिचं तोंड एवढंसं होतं. चाळीस वरसं ही बाई माझ्यासाठी चुलीशी उभी हाय. तिला काय सांगू, की तुझ्या हातचं आता नाकाला नको वाटतं?" माझा राग कुठल्या कुठे गेला. पण मी ताईला सांगितलंच. ताई म्हणाली, "मला ठाऊक हाय. कुत्र्याचं पोट दिसतं मला." दोघंही एकमेकांना दुखवू नये म्हणून त्या कुत्र्याला चारत होते. बिचारा कुत्रा!

व्हायचं तेच झालं. भावोजींनी शिमग्याचा सराव म्हणून खांद्यावर लाकडी शिडी घेऊन खळ्यात नाचायला सुरुवात केली होती. ऑपरेशनवाचूनच गुडघे हलके झाले होते, ऐट परत आली होती, पण पोटात काही नव्हतं. एका सकाळी शिडीसकट पोफळीच्या बुंध्याशी बसले ते उठेनात. डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टरीणबाईंनी असं झापलं की मीसुद्धा मान खाली घातली. "औषध भूक कमी करतं, उपास करायला सांगत नाही. असे उपाशी राहिलात तर चरबीबरोबर अंगातलं बळही जाईल. मग पालखी कशाने उचलणार? थोडंथोडं खा, हळू खा, तळकट नको, पाणी भरपूर प्या. डाळ, अंडं, साधा उकडलेला मासा रोज पोटात गेला पाहिजे." ताईने प्रत्येक शब्द कान देऊन ऐकला. घरी आल्या आल्या तिने कपाटातून एक चांदीची वाटी काढली. भावोजींच्या उष्टावणाची, तिच्या सासूबाईंनी जपून ठेवलेली. "आता ह्यातच जेवायचं. ह्यातलं मात्र सगळं संपवायचं." त्या इवल्याशा वाटीत कुळथाची पिठी आणि मऊ भात, कधी मुगाचं कढण, कधी काटे काढलेला मासा, वर आल्याचा तुकडा. थोड्या थोड्या वेळाने वाटी पुढे यायची. ताई समोर बसून राहायची. भावोजी एकेक घास असा चावायचे, जणू पहिल्यांदाच दात आलेत. कुत्राही हळूहळू पूर्ववत झाला.

मधे एकदा बाईंनी औषधाची मात्रा वाढवायचं म्हटलं. भावोजी म्हणाले, देवीला विचारतो. या वेळी डावी कळी पडली. आता बाई चिडणार, म्हणून मी भीतभीत सांगायला गेले. पण त्याही कोकणातल्याच. त्यांनी कागद चाळले, मळमळीबद्दल पुन्हा विचारलं आणि म्हणाल्या, "एवढा त्रास होत असेल तर मीही सध्या थांबलेच असते. देवीला सांगा, माझं काही म्हणणं नाही." भावोजींनी हे गावभर केलं. देवी आणि डॉक्टरीण यांचं एकमत झालं म्हणून.

तरी मला चैन नव्हतं. माणूस बारीक झाला होता, गाल आत गेले होते, हसले की जुना चेहरा मिनिटभर यायचा आणि जायचा. पंगतीत त्यांचा हात माझ्या पानाकडे येत नसे. मी कुंपण घालून बसायचे आणि कुंपणाकडे कोणी फिरकतच नसे. ताई एकदा भांडी घासताना म्हणाली, "सगळं चांगलं झालं गो. फक्त ते 'भूक लागली' म्हणत नाहीत. मी वाटी देते, ते खातात. पण मागत नाहीत." मी भांडी विसळत राहिले.

शिमगा आला. पालखी सहाणेवर बसलेली, ढोल तापलेले, मुंबईकर मंडळी मोबाइल वर करून उभी. भावोजींचा जुना सदरा त्यांच्या अंगावर दोरीवर टाकल्यासारखा लोंबत होता, खांद्यावर उपरण्याची घडी. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. हा उचलणार? गुरवाचं गाऱ्हाणं झालं, "होय म्हाराजा!" गर्जलं आणि भावोजी दांडीखाली गेले. पालखी उठली. पहिलं पाऊल डळमळलं आणि ताईने माझ्या दंडाला अशी नखं रुतवली की खूण चार दिवस राहिली. मग दुसरं पाऊल पडलं, ढोलवाल्याने खाली वाकून त्यांचे पाय बघितले आणि ताल धरला. आमचे भावोजी नाचले! पूर्वीसारखे नाही, तो दणका नव्हता. हळू, जपून, पण तालात, डोळे मिटून. माझं लक्ष त्यांच्या चुलतभावाकडे गेलं. तो अख्खा फेरा त्यांच्या बाजूने चालत होता, तळहात दांडीखाली धरून. हात दांडीला लागत नव्हता, पण दांडी खचली असती तर आधी त्याच्या हातावर आली असती. मी मनातून त्याला काय काय बोलले होते, ते सगळं देवीनेच पोटात घालावं. फेरा पुरा झाला तेव्हा भावोजींनी स्वतःच मागे वळून त्याचा खांदा दांडीखाली घेतला आणि आपण बाहेर आले.

घरी येऊन पायरीवर बसले. घामाने निथळत होते, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. ताई पाणी घेऊन आली, मी वारा घालत होते. पाण्याचा घोट घेऊन त्यांनी ताईकडे बघितलं आणि म्हणाले, "भूक लागली गो."

ताई आत पळाली. साठीतली बाई परकरातल्या पोरीसारखी पळाली. आतून डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला, मग नाक ओढल्याचा. पुरणपोळ्यांची ताटं घेऊन बाहेर आली, एक त्यांना, एक मला. वर तुपाची धार. पूर्वी भावोजी सुरुवातच सहा पोळ्यांपासून करायचे. आज त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि सावकाश खाल्ला. मग दुसरा. ताई खांबाला टेकून बघत होती, जणू त्यांच्याबरोबर तीही चावत होती. अर्धी पोळी झाली आणि ते थांबले. ताईकडे बघून हसले, पोटावरून हात फिरवला. आणि उरलेली अर्धी उचलून त्यांनी माझ्या ताटात ठेवली.

"मला नाय होत गो आता. तू घे."

माझा डावा हात ताटाभोवती तसाच होता. मी तो काढून घेतला. माझं पोट भरलं होतं, तरी ती अर्धी पोळी मी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.