शिरपूरच्या वाटेवर, मावशीचं मोठं मागणं

उन्हाळ्यात लकव्यानं सलोमी मावशीचा उजवा हात गेला, आणि मी दिवाळीपर्यंत नुसतं 'येतो, येतो' म्हणत राहिलो. शेवटी एका शनिवारी सकाळी जळगावच्या स्टँडवर शिरपूरची एसटी धरली.

चोपड्याला उतरायचं काही कारण नव्हतं. पण गाडी थांबली, भरिताचा वास आला, उतरलो. गाडी गेली. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, शंभराच्या आत पोट गच्च. पुढची गाडी तासाभरानं. थंडीत जाणार असाल तर ही चूक ठरवून करा.

शिरपूरच्या बाजारात मावशी माझीच वाट बघत होती. कापूस वेचायला गावात तिच्यासारखी दुसरी नव्हती. आता तो हात पदराखाली. जीभ मात्र तीच. भाजीवाल्याला म्हणाली, "अजून एक जुडी टाक भाऊ, इतली कोथिंबीर बकरीले बी पुरत नही." त्यानं हसून टाकली.

गावाकडे शेअर रिक्षा जाते. शेवटचा तुकडा खडीचा, कंबर सांभाळा. रिक्षात मावशीनं सांगितलं, गावच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत प्रत्येकानं उभं राहून एक मागणं सांगायचं, पाळकसाहेब वहीत लिहितात, मग सगळे मिळून प्रार्थना करतात. तिचं मागणं सहा महिने एकच: चहाचा कप धरण्यापुरती बोटं चालू देत.

"भाजीवाल्याकडे अजून मागतेस, आणि देवाकडे नुसती बोटं?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. "भाजीवाला नही म्हनना ते मी दुसराकडे जासू. देव नही म्हनना ते कोनाकडे जाऊ?"

मी स्वतः देवाकडे आजवर खिडकीची जागाच मागत आलोय.

रविवारी चर्चच्या पत्र्याच्या शेडमध्ये चटयांवर बसलो. एका नानांनी आजारी शेळीसाठी मागितलं. मग पाळकसाहेब न विचारताच लिहू लागले, "सलोमीबाई, बोटं."

"खोडा ते," मावशी उभी राहिली. "बापा, माले पूरा हात दे. पुढल्या हंगामले कापूस वेचाले जानं शे."

मग मागून एक बाई म्हणाली, "मांग अक्का, मांग."

आणि नाना पुन्हा उठले. "साहेब, शेळीचं राहू द्या. मना पोऱ्या दोन साल झाले मनासंगे बोलत नही. तो घर येऊ दे, असं लिहा."

पाळकसाहेबांनी पान उलटलं. मी शेजारच्याला उगाच सांगितलं, ही माझी सख्खी मावशी. त्याला ते माहीत होतं.

जळगावला परतून तीन आठवडे झाले. काल मावशीचा आवाजी मेसेज आला. "हात अजून तसाच शे. डाव्या हातनी फोन दाबी राहिनू. पन दर रविवारी पूराच मांगस."

आज आमच्या चर्चमध्ये मागण्यांची वेळ आली. एरवी मी तेव्हाच चपला शोधायला बाहेर सटकतो. आज उभा राहिलो. प्रवास सुखरूप होवो, वगैरे काही नाही. मावशीचा हात मागितला. पूरा.