साठ टक्क्यांचा बाप

राजन देवस्थळी हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. दुबईत अल मनखूलला एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर अठरा वर्षं राहूनही त्यात काही सुधारणा झालेली नाही. शारजाच्या एका पाइपच्या कारखान्यात तो क्वालिटी कंट्रोलला आहे. पाइप मोजायचा, मापात बसला तर हिरवा शिक्का, नाही बसला तर लाल. नोकरी म्हणून ठीकच आहे, कुणीतरी ते केलंच पाहिजे. पण हा गृहस्थ संध्याकाळी ते शिक्के घरी घेऊन येतो. दहातल्या किती पोळ्या फुगल्या आणि किती नाही, हे तो बायकोला जेवता जेवता सांगतो. ऊद मेथाला आमच्या लोकांचा गणपती असतो. तिथे एका वर्षी छोट्यांच्या चित्रकला स्पर्धेला त्याला परीक्षक नेमण्याची दुर्बुद्धी कुणाला तरी झाली. याने दुसरा क्रमांक दिला, तिसरा दिला आणि पहिला रिकामा ठेवला. मी कारण विचारलं तर म्हणाला, "फर्स्ट क्लासचं एकही नव्हतं, सबनीस. स्टँडर्ड इज स्टँडर्ड." सहा-सात वर्षांची पोरं होती ती. एक तर तिथेच भोकाड पसरून रडलं.

या माणसाच्या पोटी आभासारखी मुलगी कशी आली, हे देवालाच ठाऊक. उंच, चपळ, हसरी. ती आणि माझी दिया दोघी नववीत, एकाच वर्गात. या वर्षी एका क्लबचे लोक शाळाशाळांतून फिरून मुली गोळा करत होते, ऑस्ट्रेलियन फुटबॉलसाठी. मुली त्याला फूटी म्हणतात. दोघींनी नावं दिली आणि दर शनिवारी त्यांना मैदानावर नेण्याचं काम माझ्या गाडीला लागलं. राजन पुढच्या सीटवर बसून यायचा.

खेळ मला आधी वेड्यांचाच वाटला. चेंडू लांबट, हातात धरून पळायचं, लाथ मारायची, नाहीतर मुठीने ठोसून दुसरीला द्यायचा. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने मारलेला चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर नेम चुकला म्हणायचं, पण तरी एक गुण मिळतो. चुकलेल्यालाही काहीतरी देणारा खेळ, एवढ्यासाठी तो मला पुढे आवडायला लागला. राजनला नेमक्या त्याच कारणासाठी आवडला नाही.

आभा फॉरवर्ड होती, म्हणजे पुढे राहून गोल मारणारी. सीझन दहा मॅचेसचा. राजनने पहिल्याच दिवशी मोबाइलवर तक्ता उघडला: मॅच, शॉट, गोल, टक्के. पोरगी धावून धावून जीव टाकायची, तिघींच्या डोक्यावरून चेंडू झेलायची, पडायची, गुडघे फोडून घ्यायची. त्याला त्याच्या तक्त्यात रकाना नव्हता. आयुष्यात ज्याने कुठल्या चेंडूला पाय लावला नाही, तो उंटावरचा शहाणा लेकीच्या खेळाचं मोजमाप करत सावलीत खुर्ची टाकून बसायचा.

तिसऱ्या मॅचनंतर गाडीत त्याने निकाल लावला. "चौदा शॉट, पाच गोल. पस्तीस पॉइंट सात. म्हणजे काठावर पास."

"बाबा, द अदर्स ऑल्सो काउंट," मागून आभा म्हणाली. "यू गेट अ पॉइंट."

"चुकल्याबद्दल मार्क? आमच्याकडे वाकडा पाइप निघाला तर अर्धा पास करू का? ऐक आभा, पुढच्या वर्षी दहावी आहे. सीझन संपताना साठ टक्के पाहिजेत. साठ झाले तर पुढच्या वर्षीही खेळ, मी अडवणार नाही. नाही झाले तर खलास, फूटी बंद."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस. सबनीस साक्षीला आहेत."

मी सिग्नल बघत होतो. नको त्या गोष्टीला साक्षीदार व्हायची माझी जुनी सवय आहे.

बापाची अक्कल नाही, पण त्याचं गणित मात्र मुलीने घेतलं होतं. चौथ्या मॅचपासून आभाने शॉट मारणंच कमी केलं. खांब अगदी समोर असेल, वारा पडलेला असेल, खात्री असेल, तरच मारायची. नाहीतर झेललेला चेंडू बाजूने धावणाऱ्या दियाच्या हातात द्यायची. टक्के चढू लागले. चव्वेचाळीस, एकावन्न, सत्तावन्न. राजन खूश. त्यांची कोच केरी, मेलबर्नची धिप्पाड बाई, रेषेवरून घसा फोडून ओरडायची, "शूट, आभा! जस्ट शूट!" पोरीला काय झालंय हे तिला कळेना. अटीबद्दल तिला कुणी सांगितलं नव्हतं. आभाला सांगायची लाज वाटत असावी, आणि दियाला तिने शपथ घातली होती.

मला सगळं कळत होतं. पण सीझनच्या सुरुवातीला दियाच्या नावावर दोन गोल होते, ते आता नऊ झाले होते. आयते आलेले का होईना, पदरात पडलं आणि पवित्र झालं. मी मूग गिळून गप्प बसलो.

शेवटची मॅच अल ऐनला होती. जिंकलो तर फायनल. बरोबरी झाली तर गुणांवर पुढे असल्यामुळे समोरच्या मुली जाणार होत्या. शेवटच्या भागाआधी मुली पाणी प्यायला आल्या, तेव्हा मी बाटल्या भरत होतो. राजन खुर्चीवरून उठून थेट तिथे आला आणि सगळ्यांच्या देखत मोबाइल लेकीच्या नाकासमोर धरून म्हणाला, "तीस शॉट, अठरा गोल. एक्झॅक्ट साठ! आता एकही वेस्ट करायचा नाही, कळलं?"

पोरगी तोंडातलं पाणी गिळायची विसरली. त्या क्षणी त्याच्या हातातला मोबाइल घेऊन बाटलीत बुडवावा असं मला वाटलं. मी बाटलीचं झाकण लावलं.

मिनिटभर उरलं तेव्हा दोन्हीकडे सारखे गुण होते. लांबून आलेला चेंडू आभाने उडी मारून झेलला. असा झेल घेतला की कुणी अडवायचं नाही, निवांत लाथ मारायची, असा नियम आहे. खांब पंचवीस मीटरवर, जरा तिरके. सहा गुणांची गरजच नव्हती. चार खांबांत कुठूनही चेंडू गेला असता, अगदी नेम चुकून गेला असता, तरी एका गुणाने आम्ही जिंकलो असतो. हे मैदानावरच्या प्रत्येकाला कळत होतं. केरी दोन्ही हात पसरून ओरडत होती, "एनीव्हेअर, आभा! एनीव्हेअर!"

आभाने कोचकडे बघितलंच नाही. तिने बापाकडे बघितलं. तो मोबाइल धरून, अंगठा तयार ठेवून उभा होता. तिसाचे एकतीस झाले आणि गोल अठराच राहिले तर अठ्ठावन्न. आभा वळली आणि मुठीने ठोसून चेंडू दियाकडे दिला. दियाला कल्पनाच नव्हती. चेंडू तिच्या हातातून निसटला, समोरच्या दोघी तिच्यावर येऊन पडल्या आणि भोंगा वाजला.

मुली मैदानावरच बसून रडल्या. परतताना दुबई जवळ आल्यावर गाडीत मागून बारीक आवाज आला, "स्टिल सिक्स्टी ना, बाबा?"

"साठ," राजन म्हणाला. "फर्स्ट क्लास. शाबास."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्याची बायको सुचित्रा भेटली. मी न विचारताच म्हणाली, "त्यांना इंजिनिअरिंगला अठ्ठावन्न होते हो. फर्स्ट क्लास दोन टक्क्यांनी गेला. चांगल्या नोकऱ्यांचे फॉर्मसुद्धा भरता आले नाहीत." मी याच्यावर विरघळावं अशी तिची अपेक्षा असेल. मला चोपन्न होते. मी कुणाच्या चित्राचा पहिला नंबर खाल्ला नाही.

दोन शनिवारांनी मैदानावर निरोपाचं जेवण होतं. केरीने प्रत्येक मुलीला एक कागद दिला, वर्षभराच्या खेळाबद्दल स्वतःच्या हाताने लिहिलेला. आभाच्या कागदावर होतं की हात उत्तम, उडी उत्तम, लाथ टीममधली सर्वांत चांगली, पण ही मुलगी शॉट घ्यायला घाबरते. चुकायला न घाबरणारी फॉरवर्ड मला हवी आहे. पुढच्या वर्षीच्या टीममध्ये मी तिला घेऊ शकत नाही, मला वाईट वाटतं.

राजनने कागद दोनदा वाचला, उलटून मागची बाजू बघितली. "परसेंटेज कुठेच नाही," तो म्हणाला. "हे कसलं असेसमेंट?" मग त्याने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. तू साठ पूर्ण केलेस. मी शब्दाचा पक्का आहे. नेक्स्ट इयर खेळायला माझी परमिशन आहे."

"प्ले व्हेअर, बाबा?" आभा म्हणाली.

राजन पुन्हा कागदाची मागची बाजू बघू लागला. आभाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. केरी दहा पावलांवर शेगडीवरचं मटण उलटत होती. तिला त्या साठ टक्क्यांच्या अटीबद्दल दोन वाक्यं सांगायची होती, एवढंच, आणि ती सांगेल असं मोठं माणूस तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"काका?" आभा म्हणाली.

माझ्या हातात दियाचा कागद होता. त्यावर लिहिलं होतं, पुढच्या वर्षी आभाच्या जागी फॉरवर्ड. मी त्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि दियाला हाक मारली, "चल, यल्ला, निघू या. ट्रॅफिक लागेल."